कंबर धरली तर काय करावे?
मालिशीचा हात आणि आजचे संशोधन



गळिताचा हंगाम सुरू झाला की आपल्या वजनकाट्यावर उसाच्या उताऱ्याइतकीच आणखी एका विषयाची चर्चा चालते. हा विषय म्हणजे कंबर. गाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, नंबर लागायला वेळ असतो, आणि खाली उतरलेला जो तो कंबरेवर हात ठेवून वाकून-ताठून पाहत असतो.

असेच एके दिवशी आम्ही काट्यापाशी उभे असताना अचलपूरकडील एक जुने सभासद भेटले. एरवी ताठ चालणारा माणूस, पण त्या दिवशी एका बाजूला कलून पाय टाकीत होते. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाले, "काही नाई गा भाऊ, खताचं पोतं उचलाले गेलो अन् कंबरेत चमकच निंगाली. तीन हप्ते झाले. मले त वाटते का हे कंबर आता काई सुधरत नाई."

या तीन आठवड्यांत त्यांनी काय काय केले, ते ऐकून आम्ही चाट पडलो. पहिल्या दिवशी गल्लीतील एका पायाळू पोराकडून पाठीला पाय लावून घेतला. दुसऱ्या दिवशी मोहरीच्या तेलाची मालिश झाली. मग शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे गेले. त्याने 'मणका सरकला आहे' असे सांगून तो 'बसवला'. कटकन आवाज झाला, दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग शहरात जाऊन एम.आर.आय. काढला. त्यात 'गादी सरकली' असे निघाले. पट्टा आला, गोळ्या आल्या, आणि पलंगावर पडून राहण्याचा हुकूम सुटला. तुरीचे आलेले पैसे असे कंबरेच्या वाटेने गेले.

निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हाडवैद्य म्हणते मणका, डॉक्टर म्हणते गादी, मायबाई म्हणते वात. आता कोनाचं खरं मानावं?"

त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, कारण काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः याच दुखण्याने पंधरा दिवस पलंगावर काढले होते आणि उठलो तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक आखडलो होतो. म्हणून जाणकारांना विचारले, जे वाचता आले ते वाचले, आणि त्यातून जे समजले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत. आम्ही डॉक्टर नव्हेत. हा लेख तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

वऱ्हाडातील मालिशीची परंपरा

दुखऱ्या अंगावर हात फिरवण्याची कला आपल्याकडे कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणारी बाई, कुस्तीच्या आखाड्यातील वस्ताद, दाढी झाल्यावर डोके चोळून देणारा न्हावी आणि मोडलेले हाड बांधणारा हाडवैद्य, अशी चार जातीची माणसे प्रत्येक गावाला ठाऊक असतात. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत तर उभ्या महाराष्ट्रात आहे.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे नाव न ऐकलेला माणूस वऱ्हाडात विरळाच. अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली हे मंडळ स्थापन केले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा या मंडळाचे पथक तेथे जाऊन आपले देशी खेळ आणि व्यायाम जगाला दाखवून आले. कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या मुलखातील पोरे त्या काळी बोटीने युरोपला गेली, ही आपणा सर्वांस अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

मंडळाची आठवण येथे काढण्याचे कारण असे की मालिशीची खरी जागा कोठे, हे आखाड्याकडे पाहिले म्हणजे कळते. आखाड्यात मालिश कधी एकटी नसते. जोर-बैठका झाल्या, मल्लखांब झाला, लढत झाली, मग पैलवान एकमेकांचे अंग रगडतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मेहनत सुरू. मालिश करून घेतली आणि महिनाभर खाटेवर पडला, असा पैलवान कोणी पाहिला आहे काय? मेहनत आणि मालिश ही जोडी होती. आपण घरी आणली ती नुसती मालिश, आणि जोडीदाराला आखाड्यातच सोडून आलो. आज जगभरचे संशोधन जे सांगते ते या जोडीच्या बरेच जवळ जाते, हे पुढे दिसून येईल.

परदेशातही हेच

आपल्याला वाटते की हाडवैद्य फक्त आपल्याकडेच. तसे नाही. इंग्लंडमध्ये गावोगाव हाडे बसवणारे लोक असत आणि डॉक्टर मंडळी त्यांची टिंगल करीत. पण १८६७ साली सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने, हाडवैद्य कोणत्या रोग्यांना बरे करतात या विषयावरच व्याख्यान दिले. त्यांच्या हातून अपाय होतो तो टाळा, पण त्यांच्यात जे चांगले आहे ते शिकून घ्या, असा त्याचा मथितार्थ होता.

स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायाम-शिक्षणाची संस्था काढली. तिच्यातूनच पुढे आजाऱ्यांसाठी व्यायाम आणि अंगमर्दन हे शास्त्र वाढले. म्हणजे तिकडेही सुरुवात व्यायामशाळेतूनच झाली. लंडनला १८९४ साली चार परिचारिकांनी शिक्षित मालिश करणाऱ्यांची संस्था स्थापन केली आणि तिचीच पुढे फिजिओथेरपिस्टांची संस्था झाली. अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिक नावाची पद्धत काढली. मणका जागचा हलला की रोग होतो आणि तो हाताने बसवला की रोग जातो, असे त्यांचे म्हणणे. आपल्या हाडवैद्याचे आणि पामरसाहेबांचे बोलणे किती जुळते पाहा!

आपल्या देशात फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण १९५० नंतरच्या दशकात मुंबईस सुरू झाले. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांसाठी त्याची निकड होती. आज हे शिकलेले लोक अमरावती आणि अकोल्यास सहज भेटतात. त्यांची गाठ घेण्याऐवजी आपण मधल्या दहा दरवाजांवर आधी जातो, ही आपली चूक.

मणका खरेच सरकतो का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हाडवैद्य म्हणतो मणका सरकला आणि मी बसवला. हे तपासून पाहता येते काय? स्वीडनमध्ये तसे पाहिले गेले. कंबरेच्या खालच्या अंगाला माकडहाडाच्या वर जो सांधा असतो, तो 'सरकल्याचे' निदान झालेल्या दहा रोग्यांवर जाणकारांनी हाताने उपचार केले. उपचाराआधी आणि नंतर अत्यंत बारीक मोजमाप करणाऱ्या क्ष-किरण पद्धतीने सांध्याची जागा मोजली. हाताला वाटले की सांधा बसला, पण मोजणीत तो होता तेथेच होता. हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला.

मग तो कटकन आवाज कशाचा? सांध्यात जो पातळ वंगणासारखा रस असतो, त्यात ताण पडताच एकदम पोकळी तयार होते, तो हा आवाज. कॅनडात २०१५ साली बोटे मोडताना एम.आर.आय.ने चित्रण करून हे पाहिले गेले. आवाज आला म्हणून हाड बसले असे नव्हे, आणि आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेला असेही नव्हे.

हाडवैद्याचे झाले, आता फोटोकडे वळू. एम.आर.आय.मध्ये 'गादी झिजली', 'गादी फुगली' असे शब्द वाचले की माणसाच्या पोटात गोळा येतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले तर काय दिसते? अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. वीस वर्षांच्या बिनदुखण्याच्या तरुणांत शेकडा ३७ जणांची गादी झिजलेली दिसली, आणि ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांत शेकडा ९६ जणांची. फुगलेली गादी विशीत शेकडा ३० जणांना होती, तर ऐंशीत ८४ जणांना. यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती! डोक्याचे केस पांढरे होतात तशी गादी झिजते. पांढऱ्या केसांना आपण रोग म्हणत नाही.

याचा अर्थ फोटो नेहमीच निरुपयोगी असा मुळीच नव्हे. पायात कळ उतरते, पायाची ताकद जाते, अशा वेळी तो लागतो. पण साध्या उसणीला पहिल्याच आठवड्यात फोटो काढून बहुधा फायदा होत नाही, भीती मात्र वाढते. आमच्या अचलपूरच्या सभासदांचे तसेच झाले. 'गादी सरकली' हे शब्द ऐकल्यापासून ते वाकायलाच घाबरू लागले, आणि न वाकल्याने कंबर आणखी धरली.

मग बरे का वाटते?

मणका बसलाच नाही तर दोन दिवस बरे का वाटले? आमच्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि याचे उत्तर गेल्या साठ वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे.

१९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी वेदनेविषयी एक नवी कल्पना मांडली. दुखऱ्या जागेकडून निघालेली खबर मज्जारज्जूत पोचते तेथे जणू एक फाटक आहे, असे ते म्हणाले. त्या फाटकातून किती खबर वर मेंदूकडे जाऊ द्यायची हे ठरते. स्पर्शाची, चोळण्याची खबर त्याच फाटकावर आली म्हणजे दुखण्याची खबर अडते. गुडघा आपटला की आपला हात आपोआप तेथे जाऊन चोळू लागतो, त्याचे कारण हेच. पुढे त्यांच्या कल्पनेत दुरुस्त्या झाल्या, पण वेदना ही नुसती हाडामांसात नसून ती मज्जातंतू आणि मेंदू मिळून घडवतात, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. भीती, चिंता, अपुरी झोप यांनी ते फाटक सताड उघडते. विश्वासाच्या माणसाचा उबदार हात, 'घाबरू नका, बरे होईल' हा शब्द, यांनी ते काहीसे बंद होते.

म्हणजे मालिशीने खरोखरच बरे वाटते. तो भास नव्हे. आखडलेला स्नायू थोडा सैल होतो, मज्जातंतू शांत होतात, काही तास किंवा काही दिवस हालचाल सोपी होते. फक्त त्याचे श्रेय 'बसलेल्या' मणक्याला देण्याचे कारण नाही. पायाळू पोराच्या पायालाही यातलेच थोडे श्रेय द्यावे लागेल, आणि बाकीचे काळाला. कारण साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच पुष्कळ कमी होते. त्या काळात ज्याच्याकडे आपण शेवटी गेलो, त्याचे नाव होते.

हाताचा उपयोग नेमका किती?

जुन्या कंबरदुखीवर हाताने केलेल्या मणक्याच्या उपचारांचे ४७ प्रयोग आणि त्यांतील नऊ हजारांवर रोगी, यांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा निघाला की हे उपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपायांच्या बरोबरीचे आहेत. त्यांच्याहून श्रेष्ठ नाहीत आणि त्यांच्याहून कमीही नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रोग्याला नीट समजावून सांगणे, व्यायाम, मानसिक आधार यांबरोबर मालिश आणि मणक्यावरील हाताचे उपचार यांनाही जागा दिली आहे. उलट कंबरपट्टे, वजन लावून ताणणे, यंत्राचा शेक यांची नेहमीसाठी शिफारस करू नये असे म्हटले आहे. म्हणजे पट्टेवाल्यापेक्षा मालिशवाला वरचढ ठरला म्हणायचा!

पण जागा दिली ती इतर उपायांच्या सोबत, हे विसरू नये. नुसत्या हातावर भिस्त ठेवली तर माणूस दर आठ दिवसांनी त्याच दारात उभा राहतो. हात फाटक थोडे लोटून देतो. तेवढ्या वेळात आपण चाललो-फिरलो, तर उपयोग.

पडून राहू नका

कंबर दुखली की झोपून राहावे, हा समज घरोघर आहे. अमेरिकेत १९८६ साली २०३ रोग्यांवर याची परीक्षा झाली. काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितले, काहींना सात दिवस. सात दिवसवाल्यांचा काडीचा जास्त फायदा झाला नाही. उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे शेकडा ४५ ने कमी झाले. पुढे १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नोकरवर्गावर असाच प्रयोग झाला. त्यात झेपेल तितके रोजचे काम चालू ठेवणारे लोक पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. आमचे पंधरा दिवस पलंगावर का वाया गेले, ते हे वाचल्यावर कळले!

अगदी अलीकडे, २०२४ साली, ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टाने हळूहळू चालणे वाढवायला शिकवले. आठवड्यातून पाच दिवस, दररोज अर्धा तास, हे लक्ष्य ठेवले. बाकीच्यांना काही सांगितले नाही. काही न करणाऱ्यांत काम अडवणारे दुखणे पुन्हा उलटायला मध्यम मानाने ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८ दिवस. म्हणजे दुखण्यापासून मिळालेली सवड जवळजवळ दुप्पट झाली. खर्च म्हणाल तर चपला झिजल्या तेवढा.

यावर आमचे शेतकरी बंधू म्हणतील, "आम्ही त दिवसभर वावरातच चालतो, आमाले कायचा व्यायाम?" प्रश्न रास्त आहे. पण निंदण, कपाशीची वेचणी, ऊसतोड यांत तासन् तास एकाच तऱ्हेने वाकावे लागते आणि वर ओझे उचलावे लागते. त्याने तेच ते स्नायू थकतात, बाकीचे तसेच राहतात. ताठ अंगाने, मोकळ्या हातांनी, आपल्या चालीने चालणे ही निराळी गोष्ट आहे. शिवाय हेही कबूल केले पाहिजे की वर सांगितलेले बहुतेक प्रयोग श्रीमंत देशांतील आहेत. तेथील नोकरदाराला हलके काम मागून घेता येते. आपल्या ऊसतोड मजुराला उचल फेडायची असते. गडचिरोलीच्या सर्च संस्थेने खेड्यांतील कंबरदुखी हा अभ्यासाचा विषय म्हणून हाती घेतला, तशी कामे आपल्या वऱ्हाडातही व्हावीत.

गोळ्यांविषयी दोन शब्द

ताज्या कंबरदुखीत पॅरासिटामॉलने किती फरक पडतो, याचा ऑस्ट्रेलियातच सुमारे १६५० रोग्यांवर प्रयोग झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. नेमाने गोळी घेणारे १७ दिवसांत बरे झाले, लागेल तशी घेणारेही १७ दिवसांत, आणि ज्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली होती ते १६ दिवसांत!

दुसऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी थोडा आराम पडतो. पण त्या डॉक्टरांना विचारून आणि थोडे दिवसच घ्याव्यात. काही जण हंगामभर रोज सकाळी दुकानातून गोळी घेऊन कोयता हाती धरतात. त्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात. बिननावाच्या पुड्या तर घेऊच नयेत. अशा पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस अंग हलके वाटते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते.

हे मात्र अंगावर काढू नका

दुखण्याला घाबरू नका असे आम्ही वर सांगितले. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच मालिश, हाडवैद्य सर्व बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

१. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावर ताबा न राहणे, बैठकीची जागा बधिर होणे. यात एक रात्रही दवडू नये.
२. पायाची ताकद जाणे, पाऊल उचलता न येणे.
३. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. आपल्या देशात मणक्याचा क्षय अजून आढळतो, आणि तो औषधांनी बरा होतो. मात्र तेथे कोणी रगडले किंवा पाय दिला तर नुकसान होते.
४. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. म्हाताऱ्या माणसांत साध्या घसरण्यानेही मणका मोडतो.
५. पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाचे नवे पाठदुखणे.

हाड मोडल्याची शंका असेल तर बांबूच्या पट्ट्या आवळून बांधून घेऊ नयेत. आवळल्याने रक्त थांबून बोटे काळी पडतात आणि हात किंवा पाय कापण्याची पाळी येते. असे रोगी सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले आहेत. तसेच दाढीनंतर मान कटकन मोडून घेण्याची हौस सोडावी. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती विरळा असली, तरी हौसेपायी एवढी जोखीम कशाला?

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बायांची कंबर दुखली की 'पिशवी काढून टाका' असा सल्ला काही ठिकाणी झटपट मिळतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया फार झाल्याची ओरड झाली, तेव्हा राज्य शासनाला २०१९ साली चौकशी समिती नेमावी लागली. नुसती कंबर दुखते, एवढ्यावरून गर्भाशय काढण्याचे कारण नाही. वाकून केलेले काम, डोक्यावरची मोळी, अंगातील रक्ताची कमतरता, झोप न मिळणे, यांचा विचार आधी व्हावा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.

ओझे कोणाच्या पाठीवर?

कंबर दुखते ती एकट्याच्या चुकीने नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच सांगितले की प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचे ओझे ५५ किलोच्या वर असू नये, आणि स्त्रियांचे त्याहून पुष्कळ कमी असावे. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावू नये असे कलम होते. महाराष्ट्राने १९६९ साली हमालांसाठी माथाडी कायदा केला. तरीही साखरेचे पोते पुष्कळ वर्षे १०० किलोचेच राहिले आणि हमाल ते पाठीवर वाहत राहिले. आता ५० किलोचे पोते रूढ झाले आहे. युरियाचे पोतेही २०१८ पासून ५० चे ४५ किलो झाले. पोते हलके झाले तर पाठ वाचते, हे सांगायला संशोधन लागत नाही.

आमची संचालक मंडळास विनंती आहे की गळीत हंगामात तोडणी कामगारांच्या तळावर महिन्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्ट बोलवावा, आणि गोदामात पोती उचलण्यासाठी गाडे व फळ्या द्याव्यात. सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय जरूर काढावा. उसाच्या भावाइतकाच तो महत्त्वाचा आहे.

थोडक्यात काय करावे

कंबर धरली की एक-दोन दिवस झेपेल तेवढाच आराम घ्यावा. मग उठून घरात, अंगणात, पुढे शिवारात चालू लागावे. थोडे दुखले म्हणून थांबू नये, फार दुखले तर बेत कमी करावा. गरम पाण्याचा शेक आणि हलक्या हाताची मालिश खुशाल करून घ्यावी, पण मालिश झाल्यावर अर्धा तास चालावे. पाठीवर उभे राहणे, झटके देणे हे करू देऊ नये. पोते उचलायचे तर अंगाजवळ घेऊन उचलावे, आणि जड असेल तर दुसऱ्याला हाक मारावी. त्यात कमीपणा नाही. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? तीन-चार आठवड्यांत उतार पडला नाही, तर शिकलेल्या फिजिओथेरपिस्टाकडे किंवा डॉक्टरांकडे जावे.

जगात २०२० साली सुमारे ६२ कोटी माणसांची कंबर दुखत होती, असा संशोधकांचा हिशेब आहे. तेव्हा आपण एकटेच नाही, एवढे समाधान सर्वांनी मानावे.

आमच्या अचलपूरच्या सभासदांना आम्ही हे सारे बसून सांगितले. तपासून घेतले, वरची एकही खूण त्यांच्यात नव्हती. पट्टा खुंटीला टांगला गेला. पहिल्या दिवशी ते मारुतीच्या देवळापर्यंत गेले, आठ दिवसांत नाल्यापर्यंत, महिन्याने वावरापर्यंत. मालिश चालूच आहे, कारण ती त्यांची मंडळी करून देते आणि त्यांना ती सोडवत नाही. परवा काट्यावर पुन्हा भेटले. कंबर पूर्ण गेली का, म्हणून विचारले. म्हणाले, "पुरी नाई गेली भाऊ. कधी कधी बोलते. पन आता मी तिले भेत नाई."

आमच्या मते एवढे झाले तरी पुष्कळ झाले. सभासदांनी आपले अनुभव कार्यालयात आणून द्यावेत. पुढील अंकात त्यांतले निवडक छापू.